वारसाचा हक्क आणि बाळंतिणीची खोली

मूल झाल्याने माणसाचे आयुष्यातील समाधान वाढते की घटते, आणि ते पुरुषाचे व स्त्रीचे सारख्याच प्रमाणात वाढते वा घटते काय, हा प्रश्न आजचे समाजशास्त्रज्ञ आकड्यांनी सोडवू पाहतात. जर्मनीत १९८४ पासून त्याच त्या कुटुंबांना दरसाल भेटून, आपल्या आयुष्याविषयी तुम्ही कितपत समाधानी आहात, असे शून्य ते दहा या मापाने विचारण्यात येते. आणि पहिल्या अपत्याच्या आगमनासुमारास वर चढलेले हे माप पुढील काही वर्षांत बहुधा पूर्वीच्याच पातळीवर येऊन ठेपते, असे अभ्यासकांनी त्या पाहणीवरून दाखविले आहे. जुन्या महाराष्ट्रात असे विचारण्याची रीत नव्हती. आणि कोणी विचारले असते तरी नवराबायकोची उत्तरे एका मापात बसली नसती, कारण अपत्याने पुरुषास हक्क मिळे आणि स्त्रीस घरात जागा मिळे, व या दोन लाभांची किंमत एकट्या स्त्रीनेच भरावी, अशी येथील समाजाची घडण होती.

पुरुषाचा लाभ आधी पाहू. पुत्र झाला म्हणजे पितृऋण फिटले, पिंडोदकाची सोय झाली, ही धर्मशास्त्राची बाजू सर्वपरिचित आहे. परंतु तिच्याइतकीच बळकट अशी दुसरी बाजू दफ्तराची होती. पाटीलकी असो, कुळकर्ण असो वा देशमुखी असो, वतन हे वंशपरंपरेने चालावयाचे, आणि वंश खुंटला की ते अमानत होण्याचे भय; दत्तक घ्यावयाचा तर इनाम व सरंजाम यांच्या बाबतीत सरकारची मंजुरी हवी, आणि मंजुरीसाठी नजर भरली पाहिजे. औरस पुत्र जन्मास आला म्हणजे ही सगळी दगदग टळे. तेव्हा अंगणात साखर वाटणाऱ्या वतनदाराच्या चेहऱ्यावरील समाधानात वात्सल्याचा भाग किती आणि घराण्यावरील एक टांगती तलवार दूर झाल्याच्या निश्चिंतीचा भाग किती, हे निवडून काढणे बहुधा त्यालाही कठीण गेले असते.

या निश्चिंतीचे राजकीय मोल केवढे असू शकते, याचा दाखला पुरंदरावर मिळतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. राघोबादादांच्या हाती गेलेली गादी परत घेऊ इच्छिणाऱ्या बारभाईंनी तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविले, आणि नाना फडणीस व सखारामबापू यांच्यासारख्या मुरब्बी मुत्सद्द्यांचे सारे राजकारण एका विधवेच्या प्रसूतीवर अवलंबून राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, आणि अवघा चाळीस दिवसांचा असताना त्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली. ज्या मुलाच्या जन्माने दौलत सावरली त्याची माता पुढे तीनच वर्षांनी, १७७७ साली, वारली. बखरींतून व पत्रांतून बारभाईंच्या कारस्थानाचा तपशील जितका सापडतो त्याच्या शतांशानेही त्या माउलीच्या मनाचा सापडत नाही.

कंपनी सरकारच्या अमदानीत तर अपत्यहीनता हा राज्य जप्त होण्याचा आधारच बनला. साताऱ्याचे शहाजी महाराज १८४८ साली मरणोन्मुख असताना त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मान्य केला नाही व छत्रपतींचे राज्य खालसा झाले. झाशीच्या लक्ष्मीबाईंना १८५१ साली झालेला पुत्र काही महिन्यांतच दगावला, १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेऊन वारले, आणि पुढील वर्षी झाशीही गेली. पाळण्यात मूल आहे की नाही यावर जेथे सनदा टिकत वा बुडत, तेथे अपत्यसुख ही केवळ दोन जीवांची खाजगी गोष्ट राहणे शक्यच नव्हते.

आता ओसरी सोडून आत जाऊ. माजघराच्या कडेची बहुधा अंधारी अशी खोली. दाराला जाड पडदा. बाजेखाली शेगडी, तीत निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून केलेली धुरी. उशाशी वेखंडाचा तुकडा व लोखंडाचे काही तरी. वारा लागू नये म्हणून बंद केलेली खिडकी. आणि जिच्या हाताच्या गुणावर दोन जीवांची भिस्त ती सुईण. पहिले दहा दिवस अशौच, म्हणून बाळंतिणीला स्पर्श नाही; त्यातच पाचवीची पूजा, आणि सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते या श्रद्धेने तिच्यासाठी मांडलेला कोरा कागद, दौत व बोरू. डिंकाचे व अळिवाचे लाडू, तेल लावून कढत पाण्याची न्हाणी, शेकशेगडी हा सगळा सोहळा सोसत आणि उपभोगत त्या खोलीत पडलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्या दिवसांत जे अनुभवी, त्यात सुख निःसंशय होते. सासरच्या जाचातून सुटून माहेरी, आईच्या हाताखाली मिळालेला सव्वा महिन्याचा विसावा हा कित्येकींच्या जन्मातील एकमेव विसावा असे. पण त्या सुखाच्या उंबऱ्याशी मृत्यू बसलेला असे, हेही तिला पक्के ठाऊक होते.

वाचली, म्हणजे ती लेकुरवाळी झाली. काल परवापर्यंत जी केवळ सून होती तिला घरात शब्द मिळू लागे, मंगलकार्यात मान मिळे, आणि उतारवयात कर्त्या मुलाची आई म्हणून तिच्या कमरेला किल्ल्याही येत. उलट जिची कूस उजवली नाही तिला डोहाळजेवणाला व बारशाला मागे सारले जाई, आणि मूल होत नाही या सबबीवर नवरा राजरोस दुसरी बायको करी. दोष कोणाच्या देहात आहे याची रुजवात करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. नवस हा मग शेवटचा उपाय. जेजुरीच्या खंडोबाला, मूल होऊ दे, पहिले तुलाच वाहीन, असे बोललेले नवस फेडताना मुलगा वाघ्या आणि मुलगी मुरळी होई. म्हणजे आईबापांच्या समाधानाचे देणे अखेर त्या अपत्याच्या आयुष्यातून वसूल केले जाई.

बापाची बाजू मात्र सगळीच लाभाची नव्हती. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचे मूल उचलून घेणे, त्याचा मुका घेणे, हे मर्यादेचा भंग समजले जाई. पुतण्याला खांद्यावर घेऊन देवळात नेणारा चुलता आपल्या लेकराकडे चारचौघांत बघतही नसे. पुत्रप्राप्तीने ज्याला एवढे हक्क दिले त्यालाच त्या पुत्राच्या सहवासाची चोरी होती.

या व्यवस्थेला पहिले तडे गेले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते ज्यांनी पाडले त्यांच्यापैकी अनेकांची स्वतःची कहाणी अपत्याशी, किंवा त्याच्या अभावाशी, निगडित होती, हे विसरून चालणार नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या. ते मूल जेमतेम दहा दिवस जगले, आणि स्त्रियांना उपचार मिळत नाहीत या जाणिवेने त्यांना वैद्यकाकडे वळविले. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांतील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या पुण्यास निवर्तल्या.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा रूढ मार्ग जोतीरावांनी पत्करला नाही. फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास पुढे दत्तक घेतले. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी या दत्तकाचा हक्क नाकारला. त्या वेळी सावित्रीबाईंनी पुढे होऊन ते स्वतःच्या हाती घेतले. ज्या पिंडाधिकारासाठी शतकानुशतके पुत्र मागितले गेले तो अधिकार एका निपुत्रिक स्त्रीने भररस्त्यात बजावला, आणि वारसाच्या तर्कशास्त्राचा पायाच त्या एका कृतीने डळमळला.

विसाव्या शतकात प्रश्न आणखी उघडपणे विचारला गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, आणि स्वतः पत्नीसह अपत्यहीन राहून, मूल हे दैवाने पदरात टाकावयाचे दान नसून नवराबायकोने विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय आहे, असे प्रतिपादन केले. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली व खटल्यांना तोंड द्यावे लागले. त्यांची एका खटल्यात वकिली करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाचांपैकी चार अपत्ये गमावली होती. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला तेव्हाचा त्यांचा शोक मित्राला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे, आणि मर्यादेच्या नावाखाली बापांनी पिढ्यान् पिढ्या दाबून ठेवलेले दुःख तेथे कागदावर उतरलेले दिसते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचे विधेयक चर्चेस आले असता आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला, आणि या साहाय्याचा बराचसा भार सरकारने उचलावा असे सांगितले. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. नऊ वर्षांनी, १९३८ साली, त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मांडलेला संततिनियमनाचा ठराव मात्र त्याच मुंबईत फेटाळला गेला.

१९२९ च्या त्या कायद्याचे महत्त्व त्यातील रकमेपेक्षा पुष्कळ अधिक आहे. बाळंतपणात स्त्रीची मजुरी बुडते आणि ती कोणी तरी भरून दिली पाहिजे, हे त्याने सरकारी दफ्तरात नोंदविले. सटवाईच्या कोऱ्या कागदावर जे कधीच उमटले नव्हते ते असे प्रथम हिशेबात आले. बापाच्या खात्यावर मात्र त्या कायद्याने काहीच मांडले नाही, कारण मूल झाल्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बदलावा ही अपेक्षाच कोणास नव्हती. अपत्याने कोण किती सुखी झाले हे विचारण्याआधी, त्या अपत्याने कोणाचा दिवस किती बदलला, हे विचारावे लागते. वतने गेली, नजर गेली, पिंडाची चिंताही अनेक घरांतून गेली, पण बाळंतिणीच्या खोलीतले काम जोवर एकाच व्यक्तीच्या वाट्याला आहे तोवर दोघांच्या समाधानाची सरासरी काढून निघणारा आकडा त्या दोघांपैकी कोणाचाच नसेल.