आधी बॉम्ब, मग खटला

दोस्तहो, परवा अभ्यासवर्गात वाद पेटला. प्रश्न असा: दुसऱ्या देशाचा पुढारी जुलमी असेल तर विमानं धाडून त्याला घरासकट उडवणं न्याय्य आहे का? एक जण म्हणाला, "मेला तर मेला. हजारोंचा जीव घेणाऱ्याचा एक जीव गेला. तुझ्या का पोटात दुखतंय?" टाळ्या पडल्या. मला तेव्हा बोलता आलं नाही. घरी येऊन लिबियाचा इतिहास उपसत बसलो. तो इथं मांडतो.

५ एप्रिल १९८६. पश्चिम बर्लिनमधल्या 'ला बेल' नावाच्या नाचघरात बॉम्ब फुटला. तिथं अमेरिकन सैनिकांची ये-जा असे. दोन सैनिक आणि एक तुर्की बाई, असे तिघं मेले. दोनशेच्या वर माणसं जखमी झाली. अमेरिकेनं बोट दाखवलं लिबियाच्या मुअम्मर गद्दाफीकडं. दहा दिवसांत, १५ एप्रिलला रात्री, अमेरिकन विमानांनी त्रिपोली आणि बेनगाझीवर बॉम्ब टाकले. फ्रान्सनं आपल्या आकाशातून वाट दिली नाही, म्हणून इंग्लंडहून उडालेली विमानं जिब्राल्टरचा वळसा घालून गेली. बाब अल-अझिझिया म्हणजे गद्दाफीचा लष्करी तळ आणि राहतं घर. तिथं बॉम्ब पडले. गद्दाफी वाचला. चुकलेले बॉम्ब वस्तीवर पडले, फ्रेंच वकिलातीलाही तडाखा बसला. झोपेतली साधी माणसं मेली.

अमेरिकेच्याच कायद्यात अडचण होती. अध्यक्ष रेगन यांनी १९८१ साली सही केलेल्या आदेशात राजकीय हत्येला मनाई आहे. म्हणून सांगितलं गेलं की नेम माणसावर नव्हता, अड्ड्यावर होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ५१ वं कलम पुढं केलं: स्वसंरक्षण. नोव्हेंबरात आमसभेनं हल्ल्याचा निषेध केला. बाजूनं ७९ देश, विरोधात २८. निषेधाचा कागद झाला, बॉम्ब आधीच पडून गेले होते.

आता पुढचं बघा. नाचघराच्या बॉम्बचा खटला बर्लिनच्या कोर्टात चालला आणि निकाल लागला २००१ साली. चौघे दोषी. लिबियाच्या गुप्तहेर खात्याचा हात शाबीत झाला. पण हुकूम खुद्द गद्दाफीनं दिला, हे शाबीत झालं नाही. म्हणजे शिक्षा १९८६ ला आणि निकाल २००१ ला! त्रिपोलीच्या वस्तीत मेलेल्यांनी अपील कुठं करायचं?

बरं, धाक तरी बसला का? २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर प्रवासी विमान बॉम्बनं फुटलं. विमानातली आणि गावातली मिळून २७० माणसं गेली. त्या गुन्ह्याबद्दल लिबियाचे दोन आरोपी स्कॉटिश न्यायाधीशांपुढं उभे राहिले, कोर्ट भरलं नेदरलँड्समध्ये. आरोपी हाती यायला वर्षानुवर्षं निर्बंध आणि वाटाघाटी लागल्या. २००१ साली एक दोषी ठरला, एक सुटला. तो सुटला, हे ध्यानात ठेवा. बॉम्ब कुणाला निर्दोष सोडत नाही.

मला गद्दाफीचा वकील समजू नका. १९९६ साली त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात सुमारे १२०० कैदी मारले गेले, असा मानवी हक्क संघटनांचा हिशेब आहे. घरच्यांना वर्षानुवर्षं कळवलंसुद्धा नाही. अशा वेळी कुणी म्हणालं, हा त्या देशाचा अंतर्गत मामला आहे, तर माझं डोकं फिरतं. गावचा मामला गावात मिटवा, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. वस्ती जाळणारेच ते म्हणतात. देशाची सीमा ही जुलमाला घातलेलं कुंपण होऊ शकत नाही.

म्हणून २०११ नीट तपासा. फेब्रुवारीत अबू सलीमच्या कुटुंबांच्या वकिलाला पकडलं आणि बेनगाझी उठलं. मार्चमध्ये गद्दाफीचं सैन्य त्या शहरावर चाल करून गेलं. नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायला सुरक्षा परिषदेनं परवानगी दिली. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. शहराच्या वेशीवर आलेले रणगाडे विमानांनी अडवले, ते मला मान्य आहे. तिथं माणसं वाचवायची होती.

पण २० ऑक्टोबरला काय झालं? गद्दाफी सिर्तमधून पळत होता. नाटोच्या विमानांनी मोटारींच्या ताफ्यावर मारा केला. तो आत आहे हे ठाऊक नव्हतं, असं नाटोनं सांगितलं. बंडखोरांनी त्याला जिवंत धरला आणि तिथंच तो मारला गेला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट जूनमध्येच निघालं होतं. ते तसंच राहिलं. अबू सलीमच्या आयांना त्याला पिंजऱ्यात उभा करून विचारता आलं असतं: आमची पोरं कुठं पुरलीस? तो सवाल त्याच्याबरोबर मातीत गेला. पुढं देश टोळ्यांत फुटला. २०१७ साली तिथं आफ्रिकन स्थलांतरितांचा लिलाव होताना जगानं पाहिलं. हे सगळं एका मरणानं झालं, असं मी म्हणत नाही. पण त्या मरणानं न्याय आला, असंही कुणी म्हणू नये.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अहिंसेचा अर्थ सांगताना भेद केलाय: मारण्याची गरज वेगळी, मारण्याची इच्छा वेगळी. रणगाडा अडवणं ही गरज. राहत्या घरावर रात्री बॉम्ब टाकणं ही इच्छा. आणि गरज आहे की नाही हे ठरवणार कोण? आज ज्याच्याकडं विमान, तोच फिर्यादी, तोच न्यायाधीश, तोच जल्लाद. ३ जानेवारी २०२० ला अमेरिकेनं इराणचा सेनानी कासीम सुलेमानी मारला, तोही तिसऱ्याच देशात, बगदादला. रिवाज तोच. दुबळ्या देशाला हा हक्क कधी मिळणार नाही, आणि बलवानाच्या पुढाऱ्यावर तो कधी चालणार नाही. जो कायदा वरच्याला लागू होत नाही, त्याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या मित्राला माझं उत्तर एवढंच. जुलमी मेला याचं मला दुःख नाही. तो कोर्टात उभा न राहता मेला, याचं आहे. कारण कोर्टात उभं राहून 'यानं माझ्यावर जुलूम केला' असं म्हणण्याचा हक्क आपण फार उशिरा मिळवलाय. तो दुसऱ्या कुणाचा हिरावला गेला, तर मी टाळ्या वाजवणार नाही.

जयभीम.