मिश्रीची डबी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील गावांतून हिंडताना एक दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. सकाळच्या वेळी ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी पत्र्याची लहानशी डबी उघडते, तर्जनीवर काळी पूड घेते आणि ती सावकाश दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत राहते. 'आजी, तंबाखू खाता का?' असे विचारले तर ती साफ नाही म्हणते, कधी रागावतेही. तंबाखू बाप्ये खातात, ही तर मिश्री, दातांसाठी असते! शेजारी बसलेला तिचा मुलगा मात्र अभिमानाने सांगतो, की डॉक्टरांनी छातीसाठी विडी सोडायला सांगितल्यापासून विडीला हात लावलेला नाही. आता फक्त चुना लावून मळलेली तंबाखू. धूरच नाही, मग धोका कसला?

मायलेकांची ही दोन्ही उत्तरे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. धूर न करणारी तंबाखू म्हणजे विडी-सिगारेटपेक्षा बरी, आणि मिश्री म्हणजे तर औषधच, या समजुती जुन्या आहेत. त्या तपासून पाहण्याचे कामही पुष्कळसे आपल्याच देशात, आणि त्यातला एक मोठा भाग पुणे जिल्ह्यातच झाला आहे.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली आणि तेथून ती आदिलशाहीत पोचली. अकबराचा वकील असद बेग याने १६०४च्या सुमारास ती विजापुरात पाहिली आणि रत्नजडित हुक्क्यासह आग्र्याला नेली. बादशहाने झुरका घेताच दरबारात वाद सुरू झाला. वैद्यांचे म्हणणे होते, की या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, तेव्हा ती देणे ठीक नव्हे. असद बेगने हा सगळा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. ग्रंथात नाही म्हणून नको, हे कारण आज आपल्याला पटणार नाही. पण ज्याचे परिणाम माहीत नाहीत ते घेऊ नये, हा त्यातला अर्थ काही वाईट नव्हता. असो. नवी वनस्पती आधीच्या सवयींत मिसळून गेली. विडा होताच, त्यात तंबाखू आली. चंचीत सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी तिला जागा मिळाली. नाकाने ओढायची तपकीर आली. आमच्या लहानपणी कित्येक गुरुजींच्या खिशात तिची डबी असे. आणि बायकांच्या वाट्याला मिश्री आली.

मिश्री, म्हणजेच मशेरी, करण्याची रीत सोपी आहे. तंबाखूची पाने तापलेल्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि मग कुटून पूड करायची. भाजताना असा खाट उठतो, की घरातली पोरे शिंकत, खोकत अंगणात पळतात. तयार पूड सुरुवातीला दात घासण्यासाठी म्हणून लावली जाते. दाढ दुखत असली तर थोडे बरेही वाटते. मग सकाळची मिश्री दुपारीही लागते, रात्री जेवण झाल्यावरही लागते. लावली नाही तर डोके चढते, पोट साफ होत नाही. दंतमंजनाची अशी सवय कोणाला लागत नाही. ही निकोटिनची सवय आहे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. अनेक शाळांच्या सहली तेथे जातात. ही दुर्बीण मुंबईच्या ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारली, त्याच संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग काम करीत होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. या विभागातील संशोधकांनी कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यातील गावांत घरोघरी जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्री लावणारे पुरुष शंभरात एकही भरत नव्हते. स्त्रिया मात्र सुमारे ३९ टक्के होत्या! अशा तपासणीत मुख्यतः शोधायचे असतात ते गालाच्या आतल्या बाजूचे किंवा हिरडीजवळचे, पुसून न जाणारे पांढरे चट्टे. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही, पण कर्करोगाची वाट बऱ्याचदा तेथूनच जाते.

अशी तपासणी एकदाच करून कार्यकारण सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. याच विभागाने एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांत दहा वर्षे तसे केले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तोंडाचा कर्करोग नव्याने झालेले सगळे जण तंबाखू खाणारे किंवा ओढणारे होते. तंबाखूची कोणतीच सवय नसलेल्यांत एकही रुग्ण निघाला नाही.

संशय याच्या कितीतरी आधीपासून होता. लंडनच्या जॉन हिल यांनी तपकिरीचा अतिरेक करणाऱ्यांच्या नाकातील गाठींविषयी १७६१ मध्येच इशारा दिला होता. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी 'खैनी कर्करोगा'चे वर्णन केले. तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठामागे जेथे धरून ठेवायची, नेमकी तेथेच गाठ! सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा गाजलेला लेख १९५० चा. तो ज्या ब्रिटिश नियतकालिकात आला, त्यातच १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे आणि खाणे या दोन्हींवरचा लेख आला. पहिल्या लेखाचे नाव जगभर झाले. दुसऱ्याचे आपल्याकडेही होऊ नये, याची आम्हाला खंत वाटते.

पण धूरच नसेल तर कर्करोगकारक द्रव्ये येतात कोठून? १९७४ पर्यंत पुष्कळ रसायनशास्त्रज्ञही असेच विचारीत. त्या वर्षी अमेरिकेतील हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न जाळलेल्या तंबाखूतच नायट्रोसोनॉरनिकोटिन हे द्रव्य असल्याचे दाखवले. पाने वाळवताना, मुरवताना त्यांतील निकोटिनसारख्या अल्कलॉइडांपासून अशी नायट्रोसामाइने तयार होतात. त्यासाठी काडी ओढावी लागत नाही. मिश्रीत आणखी भर पडते. तव्यावर पान अर्धवट जळते, आणि त्यामुळे डांबरात व धुरात सापडणारे बेंझोपायरीन पुडीत उतरते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात हे दाखवून दिले. धूर टाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूत धुरातलेच विष!

चुन्याचे काम वर्गात समजावून देता येईल. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली, की ते लाल होते, म्हणजे चुना अल्कधर्मी आहे. निकोटिनचा रेणू आम्लधर्मी द्रावणात विद्युतभारित असतो आणि तोंडाच्या अस्तरातून सहज पार होत नाही. सामू ८ च्या आसपास गेला, की निम्मे रेणू भाररहित होतात आणि झपाट्याने रक्तात शिरतात. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला हे रसायनशास्त्र शिकवावे लागले नाही. चुन्याविना 'लागत नाही', एवढे त्याला पक्के ठाऊक असते.

नुकसान तोंडापुरतेच राहत नाही. गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ स्त्रियांचा गरोदरपणापासून मागोवा घेतला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. यांतल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेकींची सवय मिश्रीची होती. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली.

येथे कोणी स्वीडनचे उदाहरण देईल, आणि ते टाळून चालणार नाही. तेथे पुरुषांमध्ये 'स्नूस' नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू सिगारेटऐवजी रूढ झाली आहे, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. धूर गेला, की फुप्फुसाचा धोका घटतो, हे खरेच आहे. आजीच्या मुलाच्या छातीला विडी सोडल्याचा फायदा झालाच असणार. पण स्नूस मुरवत नाहीत, उष्णता देऊन तयार करतात, त्यामुळे तिच्यात नायट्रोसामाइने कमी असतात. तरीही युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. १९९५ मध्ये सामील झालेल्या स्वीडनला तेवढी सवलत मिळाली. स्नूसचे आकडे मिश्रीला लावणे म्हणजे एका औषधाची चिठ्ठी दुसऱ्याच बाटलीवर चिकटवणे होय. शिवाय आपल्याकडे कोण कशाला पर्याय शोधणार? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. मिश्री लावणाऱ्या आजीने तर सिगारेट कधी हातात धरलेली नसते. तिने काहीही सोडलेले नसते. फक्त धरलेले असते.

कायदा या बाबतीत थोडा पुढे गेला आणि थांबला. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये देशभर बंदी झाली, ती १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली. २०१२ मध्ये राज्यात गुटखा बंद झाला. तव्यावर घरीच भाजलेल्या मिश्रीला ना कारखाना, ना वेष्टन, ना त्यावर छापलेले धोक्याचे चित्र.

काही शाळा मुलांकडून घरातील व्यसनांची पाहणी करून घेतात, चांगलेच आहे. आम्ही पाहिलेल्या अशा एका तक्त्यात विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा असे रकाने होते. बाप्यांची नावे भराभर भरली गेली होती. बायकांच्या नावांपुढे सगळीकडे 'नाही' होते. आम्ही गुरुजींना मिश्रीचा रकाना वाढवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मुलांनी तक्ता परत आणला, तेव्हा त्यात आया होत्या, आज्या होत्या, आणि दोन ठिकाणी सातवी-आठवीतल्या बहिणीही होत्या.