ढोलकीचा खर्ज आणि रात्र काढणारा ॲम्प्लिफायर

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तमाशाचा विषय निघाला की आधी संगमनेर आठवते. पेशवाईतले शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) इथलेच. तुकाराम खेडकर यांच्यासोबत १९६० च्या आसपास वग गाजवणाऱ्या आणि २०२१ मध्ये आपल्याला सोडून गेलेल्या कांताबाई सातारकर यांचे घरही संगमनेरचेच. पण आज मला गाण्याविषयी बोलायचे नाही. ते गाणे मागच्या रांगेपर्यंत पोचवणाऱ्या एका लोखंडी पेटीविषयी, ॲम्प्लिफायरविषयी बोलायचे आहे.

ही पेटी नव्हती तेव्हा आवाज वाढवायचे काम माणसेच करत. गायिका वरच्या पट्टीत गायची, मागचे झीलकरी तीच ओळ उचलून धरायचे, आणि ढोलकी, हलगी, तुणतुणे त्यांच्या बळावर वाजायचे. गळा बसला की तमाशा बसला, इतका सरळ हिशेब होता.

तिकडे अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ऑडियॉन ही नळी तयार केली आणि पुढे दुबळ्या विद्युतलहरीला बळ देता येऊ लागले. १९१५ मध्ये प्रिधम आणि जेन्सन या जोडीने सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जमावाला कर्ण्यातून आवाज ऐकवला. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन दिएगोत अशाच यंत्रातून बोलले. आपल्याकडे दिल्लीत १९४० मध्ये अहुजा कंपनी सुरू झाली आणि तिचे नाव पुढे गावोगावच्या मंडपांत, देवळांत पोचले. बॅटरीवरही चालणारा ॲम्प्लिफायर आणि झाडाला बांधलेला कर्णा, एवढ्यावर लग्ने लागली, सभा झाल्या, तमाशेही झाले.

पण कर्ण्याने एक गोष्ट गिळली, ती म्हणजे खर्ज. शंभर हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, पन्नास हर्ट्झची सात मीटरच्या आसपास. दीड-दोन फुटी तोंडाच्या कर्ण्याला ती लाट पेलत नाही. बोल स्पष्ट ऐकू यायचे, ढोलकीच्या शाईचा टणत्कार यायचा, पण डाव्या तोंडाची घुमारी राहुटीच्या पुढच्या चार रांगांतच विरून जायची. मागच्यांना अर्धीच ढोलकी ऐकू यायची.

ती अर्धी ढोलकी परत मिळवायला मोठे कागदी शंकू असलेल्या पेट्या आल्या. मोठा शंकू हलवायला ताकद हवी. १९४७ च्या ट्रान्झिस्टरने तो मार्ग खुला केला. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या क्राउन कंपनीचा डीसी ३०० आला आणि दर चॅनेलला दीडशे वॅट देणारा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर विश्वासाने वापरता येऊ लागला. पुढे हजारांचे आकडे आले आणि तिथेच आपली दिशाभूल सुरू झाली.

एका यात्रेत मी ती पाहिली आहे. वग रंगात आला होता, ढोलकीची थाप पडली की बल्ब डोळा मारत होता, आणि मध्यरात्रीच्या आत आवाज बंद! ॲम्प्लिफायरच्या पाटीवर वॅट भरपूर होते. पण ते क्षणभराचे वॅट होते, रात्रभराचे नव्हते.

म्हणून फडमालकाने आणि मंडळाने पहिला प्रश्न विचारावा : सलग किती वॅट, आणि किती ओहमवर? आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार चार ओहम होतो, चार जोडल्या की दोन. ओहम जितके कमी तितका प्रवाह जास्त. चार ओहमसाठी बनवलेल्या यंत्राला दोनवर जुंपणे म्हणजे एका बैलाला दोघांचा नांगर ओढायला लावणे. दुसरे, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तेव्हा आकड्यामागे धावण्यापेक्षा चांगल्या पेट्या घेणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न संरक्षणाचा. आतला ट्रान्झिस्टर जळाला तर थेट डीसी पेटीत शिरून कॉइल जाळतो. तो वेळीच तोडणारी व्यवस्था हवीच. चौथा प्रश्न उष्णतेचा. जुन्या पद्धतीच्या यंत्रात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. नवी क्लास डी यंत्रे नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात आणि वजनाला हलकी. पण पंखा आणि जाळी धुळीने बुजली तर दोघांचेही आयुष्य सारखेच! बल्ब डोळा मारत असेल तर आधी जनरेटर मोठा घ्यावा. आणि ट्रकमध्ये एक जादा ॲम्प्लिफायर असावा. जुन्या फडात जादा झीलकरी असायचा तसा.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकांना बंदी झाली. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते. रात्रभर रंगणाऱ्या तमाशाला याची झळ बसली, ही फडकऱ्यांची तक्रार खरी आहे. पण खर्ज भिंती ओलांडून आजारी माणसाच्या छातीवर आदळतो, ही शेजाऱ्यांची तक्रारही खरी आहे. मोजणीच्या नेहमीच्या ‘ए’ मापात पन्नास हर्ट्झचा आवाज सुमारे तीस डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे यंत्राने माफ केलेला खर्ज शरीर माफ करतेच असे नाही.

मिरवणुकीत काचा हादरवणे हे ॲम्प्लिफायरचे काम नव्हे. झीलकरी गायिकेच्या पुढे कधी गेला नाही, तिचा सूर त्याने फक्त उचलून धरला. चांगला ॲम्प्लिफायर हा तसाच झीलकरी आहे. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला पुरी ढोलकी ऐकू यावी आणि राहुटीपलीकडच्या घरातले लेकरू झोपलेले राहावे, एवढे ज्याला साधते तोच भरवशाचा.