आत कलणारे पाऊल आणि स्केटचे पाते

फिगर स्केटचे पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. त्याच्या तळाशी लांबीभर खोलगट घळ असते, म्हणून त्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. भार पडताच ज्याच्या तळव्याची कमान खचते, त्याचा घोटा आत झुकतो आणि भार आतल्या कडेवर येतो. असा स्केटर एका पायावर सरळ जाऊ पाहतो, पण नकळत आत वळत जातो.

यावर बहुतेक जण नाड्या करकचून आवळतात किंवा आणखी कडक बूट घेतात. दोन्ही उपाय फसवे आहेत. कडक बुटातही पाऊल कलायचे ते कलतेच, वर घोट्याचे हाड बुटाला घासू लागते.

दोष पावलाचाच आहे ना, हे आधी पाहावे. धार लावताना एक कड उंच राहिली तरी पाय कलल्यासारखा वाटतो. पाते उलटे धरून दोन्ही कडांवर छोटी पट्टी आडवी टेकवली की ती तिरकी बसते आणि लबाडी उघड होते.

धार निर्दोष निघाली, तर दुरुस्ती आतून बाहेर करत जावी. हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बुटासोबत येणारा पातळ इनसोल काढून कमानीला भरीव आधार देणारा बसवावा. तो जाड असल्याने टाच वर उचलली जाते, म्हणून बुटाचे माप त्याच्यासकटच घ्यावे. बूट तापवून पायावर बसवायचा तोही त्यानंतरच. आधी बसवला, तर खचलेल्या पावलाचाच आकार बुटात उतरतो.

पात्याची पाळी शेवटी. ते लांबट भोकांतल्या तात्पुरत्या स्क्रूंवर बसवून बर्फावर एका पायाने घसरून पाहावे. पाऊल अजून आत वळत असेल तर पाते एखादा मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवावे. याने पाऊल सरळ होत नाही. भार जिथे पडतो तिथे आधार येतो. तेवढ्याने भागले नाही, तर तळ आणि पाते यांच्यामध्ये आतल्या बाजूने चामड्याची पातळ पाचर घालतात. दोन्ही पावले क्वचितच सारखी कलतात, म्हणून प्रत्येक स्केट स्वतंत्र तपासावा.

समाधान झाल्यावरच कायमचे स्क्रू मारावेत. जुनी भोके मात्र बुजवायलाच हवीत, नाहीतर पाणी मुरून चामड्याचा तळ कुजतो आणि नवे स्क्रूही पकड धरत नाहीत.