रेनेसान्स : दाराबाहेरचा जगज्जेता संघ

न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम ही कृष्णवर्णी लोकांची नामांकित वस्ती. तेथें सातव्या हमरस्त्यावर, १३७ आणि १३८ या क्रमांकांच्या रस्त्यांच्या मधोमध, ‘रेनेसान्स’ नांवाचें एक नाचघर होतें. १९२३ सालीं, नोव्हेंबरच्या तीन तारखेस, या नाचघराच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर बास्केटबॉलचा एक सामना झाला. यजमान संघानें कॉलेजियेट फाइव्ह नांवाच्या संघाचा २८ विरुद्ध २२ गुणांनीं पराभव केला. सामना संपला, खुर्च्या मागें सरकल्या, वाद्यें वाजूं लागलीं आणि त्याच जमिनीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या नाचूं लागल्या. पुढें पंचवीस वर्षें अमेरिकाभर गाजलेल्या ‘न्यूयॉर्क रेनेसान्स’ या धंदेवाईक संघाचा जन्म असा नाचगाण्यांत झाला.

संघाचा संस्थापक रॉबर्ट डग्लस हा मूळचा वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावरचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो न्यूयॉर्कला आला आणि तेथें त्याला बास्केटबॉलचें वेड लागलें. हा खेळ तेव्हां अगदीं नवा होता. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यानें तो १८९१ च्या डिसेंबरांत शोधून काढला होता. डग्लसनें प्रथम हौशी खेळाडूंचा एक संघ चालविला; परंतु गुणी माणसानें फुकट कां खेळावें, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसूं देईना. नाचघराचा मालक विल्यम रोच हाहि वेस्ट इंडीजमधूनच आलेला. दोघांचा सौदा ठरला तो असा : डग्लसला सरावासाठीं व सामन्यांसाठीं जागा मिळावयाची आणि त्याबद्दल संघानें नाचघराचें नांव मिरवावयाचें. डग्लसला तें नांव फारसें पसंत नव्हतें म्हणतात. हार्लेममधील वाङ्मय व कला यांच्या नवजागृतीलाहि याच नांवानें ओळखतात. परंतु संघाचें नांव आलें तें एका नाचघराच्या जाहिरातीपायीं. लोकांनीं तें तोडून ‘रेन्स’ असें सुटसुटीत करून घेतलें.

या संघाचें वैशिष्ट्य असें कीं, मालक काळा, खेळाडू काळे, आणि खेळाडूंना कराराप्रमाणें बांधलेला पगार. त्या काळीं गोऱ्या संघांतहि खेळाडू ज्याच्याकडे चार डॉलर अधिक मिळतील त्याच्याकडून त्या रात्रीपुरता खेळत. डग्लसचे गडी मात्र वर्षानुवर्षें एकत्र राहिले, आणि त्यांच्या खेळाचें मर्म याच सहवासांत होतें. चेंडू जमिनीवर आपटीत नेण्यापेक्षां हातोहात फेंकण्यावर त्यांचा भर असे. पांचांपैकीं कोण कोठें असेल हें न पाहतांहि एकमेकांस ठाऊक असल्यामुळें चेंडू इतक्या झपाट्यानें फिरे कीं, प्रतिपक्षानें नुसतें तोंडाकडे पाहत राहावें. अमुक सेकंदांच्या आंत चेंडू टोपलीकडे फेंकलाच पाहिजे हा नियम पुष्कळ पुढें, म्हणजे १९५४ सालीं आला. त्यामुळें सामना हातीं आला कीं हे लोक केवळ चेंडू खेळवीत वेळ काढीत. शिवाय १९३७ पर्यंत प्रत्येक गुणानंतर चेंडू पुन्हां मध्यभागीं आणून उंच उडवीत असत. त्या काळच्या धांवसंख्या आज हास्यास्पद वाटण्याजोग्या लहान दिसतात त्या यामुळें.

न्यूयॉर्कमध्येंच ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ नांवाचा गोऱ्यांचा एक अजिंक्य समजला जाणारा संघ होता. (बोस्टनचा आजचा सेल्टिक्स तो हा नव्हे, तो १९४६ सालीं निघाला.) रेन्सनीं १९२५ च्या डिसेंबरांत त्यांना प्रथम हरविलें. नेमक्या त्याच वर्षीं ‘अमेरिकन बास्केटबॉल लीग’ स्थापन झाली, आणि तिचा दरवाजा काळ्या संघास बंद राहिला. म्हणजे मैदानावर ज्यांची बरोबरी सिद्ध झाली, त्यांना स्पर्धेच्या कागदावर जागा नाहीं! मौजेची गोष्ट अशी कीं, खुद्द सेल्टिक्सच्या खेळाडूंना या भेदाचें कौतुक नव्हतें. त्यांचा मध्यरक्षक जो लॅपचिक हा रेन्सच्या चार्ल्स ऊर्फ ‘टारझन’ कूपरला आपल्या काळांतला श्रेष्ठ मध्यरक्षक मानी.

लीग नाहीं, तर रस्ता आहे. १९२९ नंतर मंदीचे दिवस आले, हार्लेमच्या नाचघरांत पुरेसा पैसा जमेना, आणि संघानें एक मोटारबस घेऊन देश पालथा घालण्यास सुरुवात केली. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं, रविवारीं दोन सामने. पुष्कळ शहरांत काळ्या माणसाला खाणावळींत पान वाढीत नसत व हॉटेलांत खोली देत नसत. मग बसमध्येंच पावाचे तुकडे खावयाचे, आणि ज्या शहरांत आपल्या लोकांची वस्ती असेल तेथवर रातोरात शेंकडों मैल परत जाऊन पाठ टेकावयाची. प्रवासाचा कारभार एरिक इलिज याच्याकडे असे. तो दारांत उभा राहून यंत्रानें प्रेक्षक मोजी, कमरेला पिस्तूल ठेवी, आणि ठरलेली रक्कम हातीं पडल्यावांचून गड्यांना मैदानावर उतरूं देत नसे.

खेळांतहि त्यांनीं एक व्यवहारी नियम करून ठेवला होता. सामना सुरू होतांच होईल तितक्या लवकर दहा गुणांची आघाडी घ्यावयाची. कारण पुढें पंच आपल्याकडून तेवढे गुण काढून घेणार, हें धरूनच चालावयाचें. अन्यायाबद्दल आरडाओरड करण्याऐवजीं त्याची रक्कम आधींच वजा करून ठेवण्याची ही हिशेबी वृत्ति पाहून हंसावें कीं हळहळावें, हें समजत नाहीं.

१९३२–३३ च्या हंगामांत या संघानें जो पराक्रम केला तो आजहि चकित करतो. शहाऐंशी दिवसांत ८८ सामने, आणि एकहि हार नाहीं. हंगामअखेर १२० विजय व ८ पराभव. त्यांतले बहुतेक पराभव सेल्टिक्सकडून. सात गडी तेवढे होते : क्लॅरेन्स जेंकिन्स, जेम्स रिक्स, आयर सेच, बिल यॅन्सी, जॉन होल्ट, टारझन कूपर आणि विली स्मिथ. यांपैकीं सेच हा टेनिसमध्यें काळ्या खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेचा विजेता होता, आणि जेंकिन्स व यॅन्सी उन्हाळ्यांत बेसबॉल खेळून पोट भरीत.

अखेर १९३९ सालीं शिकागोच्या एका वृत्तपत्रानें धंदेवाईक संघांची जागतिक स्पर्धा भरविली आणि तींत काळ्या-गोऱ्या सर्वांस प्रवेश दिला. उपांत्य सामन्यांत रेन्ससमोर आला तो दुसरा कृष्णवर्णी संघ, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स. नांवांत हार्लेम असलें तरी हा संघ शिकागोचा, आणि त्याचा मालक एब सेपरस्टीन गोरा. पुढें विदूषकी चाळ्यांनीं जगभर नांव मिळविलें तें यांनींच. डग्लसला मात्र असले चाळे बिलकुल खपत नसत. रेन्सनीं २७–२३ असा विजय मिळविला आणि अंतिम सामन्यांत विस्कॉन्सिनच्या ऑशकॉश संघास ३४–२५ असें नमविलें. त्या वर्षाचा हिशेब ११२ विजय, ७ पराभव; बक्षीस एक हजार डॉलर.

या विजयानंतर खेळाडूंना जाकिटें देण्यांत आलीं. पाठीवर अक्षरें होतीं, ‘काळ्यांचे जगज्जेते’. जॉन आयझॅक्स नांवाच्या तरुण खेळाडूनें ब्लेड मागून घेतलें आणि पहिला शब्द नीट उसवून काढला. जाकीट बिघडवतोस, असें डग्लसनें म्हणतांच, उलट तें सुधारतों आहें, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. डग्लसनें आयुष्यभर ज्या गोष्टीसाठीं धडपड केली ती त्या पोरानें चार टांक्यांत करून दाखविली. परंतु जाकिटावरचा शब्द काढणें सोपें होतें, लीगच्या दारावरचा नव्हे.

पुढल्याच वर्षीं ग्लोबट्रॉटर्सनीं रेन्सना स्पर्धेबाहेर काढलें. मग युद्ध आलें. १९४६ मध्यें मोठ्या शहरांच्या क्रीडागृहांच्या मालकांनीं नवी लीग काढली, तिच्यांतहि काळ्यांस थारा नव्हता. १९४८ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रेन्सची गांठ मिनिआपोलिसच्या लेकर्सशीं पडली. जॉर्ज मायकन या धिप्पाड गड्यानें एकट्यानें चाळीस गुण केले, तरी रेन्स हरले ते केवळ ७५–७१ असे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डग्लसच्या संघास एका लीगचें आमंत्रण आलें. ‘नॅशनल बास्केटबॉल लीग’मधील डेट्रॉइटचा संघ अर्ध्या हंगामांत मोडला होता आणि ती रिकामी जागा कोणी तरी भरावयास हवी होती. रेन्सनीं ओहायोमधील डेटन येथें बिऱ्हाड केलें. गोऱ्या लीगमधील हा पहिला संपूर्ण कृष्णवर्णी संघ. जुना गडी विल्यम ‘पॉप’ गेट्स हाच खेळाडू आणि हाच शिक्षक. पण डेट्रॉइटचे २ विजय आणि १७ पराभव यांच्या नांवावर आधींच मांडलेले! पंचवीस वर्षें दाराबाहेर उभें केलेल्या पाहुण्यास उष्टें पान वाढावें, यांतला प्रकार. त्यांनीं आपले स्वतःचे १४ सामने जिंकले, २६ हरले, आणि एकूण १६–४३ असा हिशेब लागून हंगाम संपला. १९४९ च्या ऑगस्टमध्यें दोन्ही लीग एक होऊन ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ निघाली. तींत डेटनला जागा नव्हती.

एकाच वर्षानें, १९५० सालीं, त्या असोसिएशननें पहिले काळे खेळाडू घेतले. त्यांतला नॅट क्लिफ्टन हा पूर्वीं रेन्सकडून खेळलेला. त्याला घेणाऱ्या न्यूयॉर्क निक्स संघाचा शिक्षक होता जो लॅपचिक, टारझन कूपरचा तो जुना प्रतिस्पर्धी.

स्प्रिंगफील्ड येथील सन्मानमंदिरांत १९६३ सालीं सबंध रेन्स संघाची नोंद झाली. १९७२ सालीं डग्लसची, आणि हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णी गृहस्थ. सात वर्षांनीं तो वारला. जाकिटावरचा शब्द उसवणाऱ्या आयझॅक्सचें नांव तेथें लागलें २०१५ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर. हार्लेममधील तें नाचघर त्याच वर्षीं पाडून टाकण्यांत आलें.