तळटीप : मांडवीचे गोडे पाणी

* पावसाळ्यात मांडवी गोडी होते, हे लेखकाचे विधान वरच्या थरापुरतेच खरे. गोडे पाणी हलके. ते वरून समुद्राकडे वाहते आणि जड खारे पाणी तळाने पाचरीसारखे आत शिरते. पणजीजवळ ऐन आषाढात वरची ओंजळ जवळजवळ गोडी लागेल, पण तळाशी नेऊन बूच काढलेली बाटली खारे पाणीच घेऊन वर येईल. हे थर ढवळते ती भरती-ओहोटी. तिचा प्रवाह तळाशी घासतो, भोवरे उठतात, खालचे मीठ वर चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सुमारे २ मीटर चढते-उतरते, तेव्हा ढवळण जोरात. अष्टमीच्या भांगाला मंद. पण पावसाळ्यात वरून येणारा लोंढाच इतका मोठा असतो की भरतीचे फारसे चालत नाही. जानेवारी ते मे याच्या नेमके उलट : नदीला ओढ अशी नसतेच, वरखाली खारटपणा जवळपास सारखा होतो आणि मीठ दिवसेंदिवस आत सरकत जाते. गोव्यातली मिठागरे चालतात ती याच महिन्यांत; लेखकाने त्यांचा उल्लेख का टाळला, कळत नाही. — संपा.