नाक्यावरचा माणूस

टोलचा इतिहास सांगताना आपल्याकडे नाणेघाटापासून सुरुवात करायची पद्धत आहे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. सातवाहनकाळी जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेनं सांगतात. तिथल्या लेण्यातल्या नागनिकेच्या लेखात मात्र यज्ञ आणि दक्षिणा आहेत, रांजणाचा उल्लेख नाही. असो. तेव्हापासून परवापरवापर्यंत एक गोष्ट कायम होती. वाटसरू थांबायचा, समोर वसुली करणारा माणूस असायचा, आणि त्याच्याशी हुज्जत घालता यायची.

या हुज्जतीला आपण हलकं समजू नये. 1839 ते 1843 या काळात वेल्समधल्या शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री-अपरात्री टोलची फाटकं फोडली. ‘रिबेकाचे दंगे’ म्हणतात त्यांना. पुढे चौकशी आयोग बसला, 1844 मध्ये कायदा बदलला. लांब कशाला जा? कोल्हापूर घ्या. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं उभी राहिली, सगळं शहर वर्षानुवर्षं लढलं, आणि तो टोल अखेर रद्द झाला. नाका ही जागा होती. तिथे जमता येत होतं.

आता यंत्राकडे येऊ. गाडीत उपकरण बसवून आपोआप आकारणी करावी, ही कल्पना विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं 1959 मध्ये वॉशिंग्टन शहरासाठी मांडली. पुढे 1996 साली त्याला नोबेल मिळालं. त्याचा हेतू वेगळा होता: गर्दीच्या वेळी रस्ता महाग करायचा, म्हणजे लोक वेळ बदलतील. नॉर्वेत ट्रोन्हाइमला 1991 मध्ये गाडी न थांबवता टोल घेणं सुरू झालं. आपण हे तंत्र घेतलं ते मुख्यतः नाक्यावरच्या रांगेला कंटाळून. 2014 मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर प्रयोग झाला, फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, नसेल तर तेव्हा दुप्पट पैसे भरावे लागत. काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. वरच्या अँटेनाच्या रेडिओलहरींवरच ती जागी होते, आपला क्रमांक सांगते, आणि जोडलेल्या खात्यातून रक्कम जाते. रांगा कमी झाल्या, सुट्ट्या पैशांची कटकट गेली. हे नाकारायचं कारण नाही.

पण आमची गोष्ट सांगतो. एकदा गाडी दाराशी उभी असताना टोल कापल्याचा मेसेज आला. तक्रार केली, तर उत्तर आलं की गाडी तिथे नव्हती याचा पुरावा द्या! आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. शेवटी सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्र पाठवलं.

म्हणजे बघा, पूर्वी मागणाऱ्यानं कारण सांगायचं आणि मग आपण द्यायचं. आता पैसे आधी जातात, कारण आपण शोधायचं. शिवाय कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेलो, ही नोंद राहते ती वेगळीच. रांजणाला हे काही कळत नव्हतं.

आमचे पैसे तीन आठवड्यांनी परत आले. चूक कुठे झाली होती, ते मात्र कोणी सांगितलं नाही, आणि विचारायला जावं तर नाक्यावर आता खिडकीत कोणी बसत नाही.